नगरची मिस फरार, हकारीचा डॉक्टर ग्रँट आणि आमच्या पोरीची कुर्दिस्तानची वाट

मागच्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मुलीने प्रश्न विचारला आणि त्या दिवशीचा ठरलेला विषय बाजूलाच राहिला. मुलगी शेवगाव तालुक्यातली. नर्सिंगचा कोर्स पूर्ण केलेली. आई अजूनही ऊसतोडीला जाते. तिने विचारले, "दादा, इराकमधल्या कुर्दिस्तानात निर्वासितांच्या छावण्या आहेत. तिथं सहा महिने स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. जाऊ का?"

विहारात बसलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी लगेच तिला टोकले, "पोरी, इथं काय कामं कमी पडली का? आपल्या जिल्ह्यात काय चाललंय ते दिसत नाही का तुला?" त्यांचे संपत नाही तोच मागून एक तरुण म्हणाला, "स्वयंसेवा हे गोऱ्यांचं खूळ आहे. वस्तीत यायचं, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि पंधरा दिवसांनी विमानात बसायचं. आता आपणही दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन तेच करायचं का?"

दोन्ही आक्षेप खरे आहेत. ते आम्ही झटकून टाकू शकलो नाही, आणि मुलीला 'जा' किंवा 'जाऊ नको' असे एका शब्दात सांगूही शकलो नाही. पुढच्या वेळी सविस्तर बोलू, असे म्हणून वर्ग संपवला. आज लिहितो आहोत ते त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. हे उत्तर शोधायला आम्हाला कुर्दिस्तानपर्यंत जावे लागले नाही. ते आमच्या नगरच्याच इतिहासात, ज्याला आता कागदोपत्री अहिल्यानगर म्हणतात त्या शहरात सापडले.

बोस्टनहून आलेली बाई

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो नावाचे छोटे गाव आहे. सिंथिया फरार ही तिथली शिक्षिका. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने तिला १८२७ साली मुंबईला पाठवले. तिशी ओलांडलेली, अविवाहित, एकटी बाई. त्या काळी मिशनरीची बायको म्हणून बाई परदेशात जात असे, स्वतंत्र कामासाठी नव्हे. फरारबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या, मराठी शिकल्या, तब्येत ढासळल्यावर मायदेशी गेल्या आणि पुन्हा परत आल्या. १८३९ पासून त्यांनी नगरला मुक्काम केला. १८६२ साली त्यांचे निधन झाले तेही नगरलाच. पंधरा दिवसांच्या पाहुण्यांची गोष्ट आपण वर ऐकली. ही बाई आयुष्यच इथे देऊन गेली.

बहुतेक पुस्तकांत फरारबाईंचा उल्लेख 'परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी स्त्री' असा येतो. आम्हालाही हे वाक्य अनेक वर्षे खरे वाटत होते. पण फरारबाईंच्या पाच वर्षे आधी, १८२२ साली, त्याच अमेरिकन बोर्डाच्या तुकडीबरोबर हवाई बेटांकडे निघालेली एक अविवाहित स्त्री होती. तिचे नाव बेट्सी स्टॉकटन. ती काळी होती, गुलामगिरीत जन्मलेली होती. मालकाच्या घरातली पुस्तके वाचून ती शिकली, मुक्त झाली, आणि हवाईतल्या लहायना गावी तिने सामान्य रयतेच्या लोकांसाठी शाळा काढली. सरदार-राजघराण्यांच्या मुलांसाठी नव्हे, रयतेसाठी. पण ती एका गोऱ्या मिशनरी कुटुंबाबरोबर गेली होती आणि त्यांच्या घरकामातही तिचा वाटा होता. म्हणून 'पहिली'चा मान मोजताना तिला वगळले गेले. घरकाम करणारी शिक्षिका कशी असेल, असा तो हिशेब.

मित्रांनो, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. विहीर खणणारा एक आणि विहिरीवर नाव कोरणार दुसऱ्याचे. म्हणून स्वयंसेवेचा इतिहास वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा की, यातून कोणाचे नाव गाळले गेले आहे?

शाळा पाहायला आलेला माळ्याचा मुलगा

फरारबाईंच्या नगरच्या शाळा पाहायला पुण्याहून एक तरुण आला. त्याचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला होते. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. मुलींना वर्गात बसून शिकताना त्यांनी पाहिले, ते समाधानाने परतले, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. हे कोणा भक्ताने नंतर रचलेले नाही. १८५३ च्या सप्टेंबरमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये जोतीरावांची जी हकीकत छापली गेली, तीत त्यांनी स्वतः नगरच्या या शाळांचा उल्लेख केला आहे. 'ज्ञानोदय' हे पत्रही १८४२ साली नगरलाच जन्मले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले तेही नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे.

इथे काही लोक दोन टोकांच्या गोष्टी बोलतात. एक टोक म्हणते की मिशनरी नसते तर फुले झालेच नसते. दुसरे म्हणते की मिशनऱ्यांचे नावही घेऊ नका, ते धर्मांतराच्या लोभाने आले होते. दोन्ही टोकांमध्ये एक समान गोष्ट आहे. दोघेही सावित्रीमाईंच्या स्वतःच्या कर्तृत्वाकडे पाहत नाहीत.

मिशनचा उद्देश धर्मप्रसार होता यात लपवण्यासारखे काही नाही, त्यांनीही तो कधी लपवला नाही. शाळा चालवायची की बंद करायची, याचा शेवटचा निर्णय बोस्टनमध्ये होत असे. १८५४-५५ साली बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले आणि प्रवचनावर भर द्या असा आग्रह धरून गेले. इंग्रजी शाळांना त्यानंतर कात्री लागली. त्याच वेळी इंग्रजी शिकायला कोण आसुसलेले होते, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे परक्याच्या दयेवर चालणारे काम परक्याच्या निर्णयाने थांबू शकते.

जोतीराव-सावित्रीबाईंनी हे ओळखले होते. नगरला जे पाहिले ते त्यांनी आत्मसात केले, पण शाळा स्वतःच्या काढल्या. १८५३ साली महार-मांग आदी लोकांना विद्या शिकवण्यासाठी स्वतंत्र मंडळी उभी केली. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'नेच छापला. धर्माच्या नावाने आम्हाला माणूस न मानणाऱ्यांना त्या किशोरवयीन मुलीने खडे सवाल केले.

ही साखळी नीट पाहा. मार्लबरोची शिक्षिका नगरला आली. नगरला शिकलेली सावित्री पुण्याला शिकवू लागली. पुण्याला शिकलेली मुक्ता स्वतः लिहू लागली. आणि १८९७ साली प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्यातच संसर्ग होऊन गेल्या. बाहेरून आलेल्या मदतीची किंमत आम्ही या साखळीवरून करतो. मदत देणाऱ्याचे मन किती मोठे होते यावरून नव्हे, तर घेणारा पुढे स्वतः देणारा झाला का, यावरून.

त्याच वर्षी, कुर्दांच्या डोंगरात

आता कुर्दिस्तानकडे येऊ. फरारबाई नगरला आल्या ते १८३९ साल. त्याच वर्षी, त्याच बोस्टनच्या बोर्डाचा एक डॉक्टर, अ‍ॅसाहेल ग्रँट, हकारीच्या डोंगरात शिरत होता. हा प्रदेश आज तुर्कस्तानच्या आग्नेय टोकाला आहे. तिथे कुर्द अमीरांची सत्ता होती आणि त्यांच्या शेजारी, काही त्यांच्या अधिकाराखाली, नेस्टोरियन ख्रिस्ती म्हणजे असिरियन जमाती राहत होत्या. ग्रँटने हकारीचा कुर्द अमीर नूरुल्ला बेग याच्यावर उपचार केले. अमीर बरा झाला, डॉक्टरला डोंगरात फिरण्याची मुभा मिळाली. डॉक्टर धाडसी होता, मनाने चांगला होता, रात्री-बेरात्री रोग्यांकडे जात होता.

पण त्याचे लक्ष होते ख्रिस्ती जमातींवर. त्यांच्या अशीथा गावात त्याने उंचावर मिशनची मोठी इमारत बांधायला घेतली. आजूबाजूच्या कुर्दांना तो किल्ला वाटला. परदेशी लोक आपल्या शेजाऱ्यांना बळ देताहेत आणि उद्या ते आपल्यावर उलटतील, अशी कुजबुज सुरू झाली. ओटोमन सरकार, कुर्द अमीर आणि ख्रिस्ती जमाती यांच्यात आधीच रस्सीखेच चालू होती. १८४३ मध्ये नूरुल्ला बेग आणि बोहतानचा अमीर बदिरखान बेग यांनी असिरियन जमातींवर हल्ला केला. हजारो माणसे मारली गेली. ग्रँट जीव वाचवून मोसुलला पोहोचला आणि निर्वासितांची शुश्रूषा करता करता १८४४ मध्ये तापाने गेला.

या कत्तलीचा दोष एकट्या ग्रँटच्या इमारतीवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. सत्तेची गणिते त्याच्या येण्याआधीपासून मांडलेली होती. पण त्या गणितांची समज नसताना तो त्यांत उतरला, हे मात्र खरे. एकाच संस्थेने, एकाच सुमारास पाठवलेली दोन माणसे. एकीच्या कामातून पुढे सावित्री उभी राहिली. दुसऱ्याच्या कामामागून शेजारी शेजाऱ्यावर तुटून पडला. दोघांच्या हेतूत फरक नव्हता. आमच्या मते फरक हा होता की नगरला फरारबाईंच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्यांनी काम आपल्या हातात घेतले, आणि हकारीत तसे घडायला ना वेळ मिळाला ना जागा.

म्हणून दुसरा प्रश्न. आपण जिथे जातो आहोत तिथे कोण कोणावर सत्ता गाजवतो, हे आपल्याला समजले आहे का? जातीच्या गावात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. गावात पाऊल टाकताच पाणवठा कुठे, वस्ती कुठल्या दिशेला, हे तो आधी पाहतो. परदेशातही हीच नजर घेऊन जायचे.

बंदूक घेऊन गेलेले आणि स्टेथोस्कोप घेऊन गेलेले

त्या मुलखात मराठी माणसे आधी गेली आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकून उपासमार झाल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य शरण गेले. कैद्यांना उत्तरेकडे पायी चालवत नेले. अनेक हिंदी कैदी रास-अल-ऐन इथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. हे गाव आज सीरियात आहे आणि कुर्द लोक त्याला सरेकानिये म्हणतात.

त्या काळी इंग्रजांनी महारांची भरती बंद केलेली होती. 'लढाऊ जाती'च्या यादीत आम्हाला जागा नव्हती. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. आणि १९१९ साली सुलेमानियाच्या शेख महमूद बर्झंजीने कुर्दांच्या राज्याची घोषणा करून इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा तो दडपायला इंग्रजांनी हिंदी सैनिकच वापरले. शेख महमूदला हद्दपार करून हिंदुस्थानात ठेवले आणि १९२२ मध्ये परत नेले. एका गुलाम देशाची माणसे दुसऱ्याला गुलाम करायला वापरली गेली. कुर्दिस्तानशी आपला हा जुना संबंध आहे, आणि तो अभिमानाचा नाही.

दुसऱ्या तऱ्हेने गेलेला माणूसही आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक हिंदुस्थानातून गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर चौघे परतले. कोटणीस थांबले, चिनी भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शल्यक्रिया शिकवल्या, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी वारले. फरारबाई आणि कोटणीस यांचा धर्म, देश, उद्देश सगळे वेगळे. पण दोघांनीही एक गोष्ट केली. तिथल्या लोकांची भाषा शिकून घेतली आणि तिथल्या लोकांना आपले काम शिकवले.

कुर्द कोण आहेत, आणि आपल्याला ते ओळखीचे का वाटतात

तीन ते चार कोटींच्या घरातला हा समाज तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागला गेला आहे. १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांना स्वायत्तता आणि पुढे स्वातंत्र्याची वाट दाखवली होती. तीनच वर्षांनी, १९२३ च्या लोझानच्या तहात ते कलम गायब झाले. दिलेले राजकीय हक्क काढून घेतले जातात म्हणजे काय होते, हे २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार ज्यांच्या नशिबी आला त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तुर्कस्तानात त्यांना कित्येक वर्षे 'डोंगरी तुर्क' म्हटले जाई. म्हणजे तुमचे नावसुद्धा तुमचे नाही. १९८३ च्या कायद्याने कुर्द भाषेत छापणे-बोलणे गुन्हा ठरवले, तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. इराकमध्ये १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या फौजेने हलब्जा शहरावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसे मेली. सर्वांत जास्त बायका आणि पोरे.

असे असूनही त्यांची संस्कृती टिकली. ती ग्रंथालयात टिकली नाही, लोकांच्या गळ्यात टिकली. डेंगबेज नावाचे त्यांचे गायक असतात. साज नाही, वाद्य नाही, नुसत्या आवाजावर घराण्यांचे वैर, प्रेम, लढाया, कत्तली तासन् तास गातात. भाषा छापायला बंदी होती तेव्हा इतिहास या गळ्यांनी सांभाळला. हे वाचताना आम्हाला आंबेडकरी जलसे आठवले, भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक आठवले. ज्या लोकांना पाटी-पेन्सिल मिळाली नव्हती त्यांच्यापर्यंत बाबासाहेब या गळ्यांनीच पोहोचवले. त्यांच्या म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर आणि हातावर 'देक' असते, म्हणजे गोंदण. आमच्या आज्यांच्या हनुवटीवरही हिरवे ठिपके होते. त्यांचा गोवंद नावाचा नाच बायका-पुरुष एका ओळीत, हातात हात धरून, खांद्याला खांदा लावून नाचतात.

आणि त्यांचा सर्वांत मोठा सण न्यूरोज. जुहाक नावाचा जुलमी राजा होता. त्याच्या खांद्यांवर दोन साप उगवले होते आणि त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू खायला घालावे लागत. कावा नावाच्या लोहाराची मुले अशीच गेली. शेवटचा मुलगा मागितला तेव्हा लोहाराने हातोडा उचलला. हीच कथा इराणच्या राजदरबारी महाकाव्यात, 'शाहनामा'त, येते. पण तिथे लोहार बंड करतो आणि विजय होतो फरिदून नावाच्या राजकुमाराचा. गादीही त्यालाच मिळते. कुर्द लोकांनी आपल्या तोंडी जी कथा ठेवली तीत लोहारच राजाला संपवतो आणि डोंगरावर आग पेटवून मुक्तीची खबर देतो.

कोणाच्या तोंडची कथा, त्यावर नायक कोण हे ठरते. वामनाने बळीला पाताळात घातले ही भटांची कथा. बळी हा आमचा राजा आणि वामन कपटी, हे जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दाखवले. कुर्दांनी लोहाराला जे परत मिळवून दिले, तेच फुल्यांनी बळीला परत मिळवून दिले.

कुर्द लोक न्यूरोजची आग पेटवतात ती २० मार्चच्या संध्याकाळी. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे या वाचकांना सांगायला नको. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला आपणही एक आग पेटवली होती. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून गूढ काही काढू नये. पण आमची पोरगी त्या आगीजवळ उभी राहिली, तर महाडची गोष्ट सांगायला तिला यापेक्षा चांगली संध्याकाळ मिळणार नाही.

भोळेपणा नको

मात्र कुर्द समाज म्हणजे स्वर्ग, असे कोणी समजू नये. पीडित माणूस आपोआप समतावादी होत नाही. वर १८४३ ची कत्तल सांगितली, ती कुर्द अमीरांनीच केली होती. कुर्द भाषा बोलणाऱ्यांमध्येच यझिदी नावाचा छोटा धार्मिक समाज आहे. शेजारी त्यांना 'सैतानाचे पूजक' म्हणून हिणवत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इस्लामिक स्टेटने सिंजारच्या यझिदींची कत्तल केली, हजारो बायका-मुली पळवून गुलाम म्हणून विकल्या. त्यातूनच सुटलेल्या नादिया मुराद यांना २०१८ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. आमची मुलगी ज्या छावण्यांविषयी विचारते आहे त्या दोहुकच्या परिसरातल्या छावण्यांत हेच लोक राहतात.

आणि या यझिदी समाजातही शेख, पीर आणि मुरीद असे जन्मावर ठरलेले तीन थर आहेत. एका थरातल्याने दुसऱ्या थरात लग्न करायचे नाही. सोयरीक बंद म्हणजे जात जिवंत, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातच मांडले होते. म्हणजे नरसंहारातून वाचलेल्या समाजाच्या आतही तो धागा आहे. त्यांना दोष द्यायला हे सांगत नाही. समाजशास्त्र शिकलेल्या, बाबासाहेब वाचलेल्या कार्यकर्त्याने जगात कुठेही गेल्यावर हे पाहायचे असते. गोऱ्या स्वयंसेवकाला जे दिसणार नाही ते आपल्या पोरीला पहिल्या आठवड्यात दिसेल.

"इथं काय कामं कमी पडली का?"

आता त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा प्रश्न. याचे उत्तर जामखेडला आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरला शिकले, अमेरिकेत जाऊन आले, आणि दुष्काळी तालुक्यात येऊन बसले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक अक्षरओळख नसलेल्या आणि दलित वस्त्यांतल्या होत्या. पुढे जगभरातून डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला या बायका उभ्या राहिल्या. परदेशी पाहुणा जमिनीवर बसून ऐकतो आहे आणि आमची मावशी त्याला बाळंतपण समजावते आहे, हे दृश्य आपल्या जिल्ह्यातले आहे.

पण त्याच जामखेड तालुक्यात खर्डा आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या नितीन आगेला तिथे मारून टाकले. २०१७ मध्ये खालच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले. सोनई, खर्डा, जवखेडा या तीन नावांनी दोन वर्षांत जिल्हा जगभर गेला. बालमृत्यू सेवेने कमी होतात. जात सेवेने जात नाही, तिच्यासाठी संघर्ष आणि सत्ता लागते. म्हणून ज्येष्ठांचे म्हणणे अर्धे खरे. इथे कामे कमी नाहीत.

अर्धे का? कारण आपली लढाई आपण कधीच एकट्याने गावाच्या वेशीत लढलेलो नाही. बाबासाहेब कोलंबियाला गेले म्हणून त्यांनी जात जगाच्या नकाशावर ठेवून पाहिली. १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना त्यांनी पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिले तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. खर्ड्याच्या आईचे दुःख हलब्जाच्या आईला कोण सांगणार? दूतावास सांगणार नाही. परदेशातली आपल्याच देशातली सवर्ण मंडळे तर मुळीच नाहीत. ते आपल्या पोरांनीच सांगायला पाहिजे.

मुलीला आमचे उत्तर

म्हणून, बाई, जा. पण काही गोष्टी गाठीला बांधून जा.

आधी भाषा शिक. दोहुकच्या बाजूला कुर्मांजी बोलतात, सुलेमानियाला सोरानी. तथागतांनी धम्म लोकांच्या आपापल्या बोलीत सांगायला परवानगी दिली होती, ती उगाच नव्हे. रोग्याला कुठे दुखते हे ज्याला त्याच्या भाषेत विचारता येत नाही, त्याने त्याला हात लावू नये.

सहा महिने कमी आहेत, जमले तर वर्षभर राहा. संस्था निवडताना तिच्या कारभारात तिथल्या लोकांना, आणि विशेषतः यझिदी बायकांना, काय अधिकार आहे ते विचार. पगार कोण ठरवते आणि छावणी बंद करायचा निर्णय कोण घेते, तेही विचार. उत्तर 'दूरच्या शहरातले ऑफिस' असे आले तर सावध हो. तिथले सरकार, तिथले पक्ष, त्यांच्या बंदुका यांत पडू नकोस. ग्रँटची इमारत आठव. घरी सुरक्षेची सगळी चौकशी करून दे. २०१४ मध्ये केरळच्या शेहेचाळीस नर्स त्याच युद्धात अडकल्या होत्या आणि एर्बिलमार्गे सुखरूप घरी आल्या, पण त्याच वर्षी मोसुलजवळ पळवलेले एकोणचाळीस भारतीय मजूर परत आले नाहीत. आईला खरे सांगून जा.

दुसऱ्याच्या लेकरांचे फोटो काढू नकोस. आपल्या वस्तीत काढलेले आपल्याला कसे वाटले होते ते आठव. 'भारतातून आले' एवढेच सांगून थांबू नकोस, आपण कोण आणि कुठून आलो तेही सांग. तुला येते ते तिथल्या एका तरी मुलीला पूर्ण शिकव, आणि तिच्याकडून एक तरी गोष्ट शिकून ये. परत आल्यावर पहिला रविवार आमचा.

सारनाथला पहिल्या साठ भिक्खूंना भगवंतांनी चारिकेला धाडले तेव्हा सांगितले होते की दोघांनी एका वाटेने जाऊ नका. त्या भिक्खूंकडे ना पैसा होता, ना संस्था, ना फोटो. अनेकांच्या हितासाठी निघालेल्या माणसाची वाट कोणत्याही देशात जाऊ शकते, हे आपल्याला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हा लेख आम्ही आधी वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जाऊ द्या पोरीला. पण तिचं इथलं काम कोण करणार, ते आजच ठरवा." आम्हाला वाटते, या सगळ्या चर्चेतले सर्वांत शहाणे वाक्य तेच होते. तिची वस्तीतली आरोग्य तपासणीची पाळी पुढच्या महिन्यापासून आमच्यातल्या तिघांनी वाटून घेतली आहे. आणखी कोणाला हात द्यायचा असेल तर रविवारी विहारात या.

जय भीम.